रस्सा निवणार नाही एवढं अंतर

प्रश्न : मी २९ वर्षांचा, राजारामपुरीत आई-वडिलांसोबत राहतो. पुण्याच्या कंपनीत आहे, काम घरूनच, दुपारी दीड ते रात्री साडेदहा. हातात महिन्याला ६८ हजार येतात. टीममधले निम्मे लोक जर्मनीतले. परवा व्हिडिओ कॉल चालू असताना आई चहा घेऊन आली. एकानं विचारलं, "अजून आई-वडिलांकडंच?" आणि सगळे हसले. हेतू वाईट नव्हता, पण लागलं. इस्त्री आई करते, गाडीच्या सर्व्हिसिंगची तारीख वडील लक्षात ठेवतात. पैसे दिले तर घेत नाहीत, "तुझ्या पैशाचं मी काय करू" म्हणतात. कळंब्याला एक वन बीएचके बघितला : भाडं ९ हजार, डिपॉझिट ३० हजार. घरात विषय काढला तर आई ताटावरून उठली आणि दुसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून मावशीचा फोन, "घरात काय झालं?" वडील म्हणतात, वरचा मजला बांधू, तिथं राहा. बहीण सांगलीला दिली आहे. आई-वडिलांकडं राहण्यात माझं चुकतंय का? आणि बाहेर पडायचं तर त्यांना न दुखवता कसं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, नाही. दुसऱ्याला मात्र वेळ लागेल.

आधी त्या हसणाऱ्यांचं बघू. जर्मनीत मुलं सरासरी चोविशीच्या आसपास घर सोडतात, फिनलंडमध्ये एकविशीतच. अख्ख्या युरोपीय संघाची सरासरी २६ च्या थोडी वर. पण त्याच संघातल्या क्रोएशियात हे वय ३१ च्या पुढं जातं, इटली आणि स्पेनमध्ये तिशीला टेकतं. इटलीचे अर्थमंत्री पादोआ-स्किओप्पा यांनी २००७ साली घर न सोडणाऱ्या तरुणांना 'बांबोच्चोनी', म्हणजे थोराड बाळं, म्हटलं आणि देशभर गदारोळ उडाला. खुद्द जर्मनांच्या भाषेत 'होटेल ममा' असा शब्द आहे, आणि शब्द आहे त्याअर्थी हॉटेलात गिऱ्हाईकही असणार. अमेरिकेत जुलै २०२० मध्ये, कोविडच्या दिवसांत, १८ ते २९ वयाचे निम्म्याहून जास्त तरुण आई-वडिलांच्या घरात होते. तेव्हा 'तिकडचे लोक' म्हणून एक गठ्ठा करू नका. भाडी वाढली, नोकऱ्या आटल्या की तिकडंही पोरं घरी परततात.

जिथं लवकर निघतात तिथं निघण्याची सोय करून ठेवलेली असते. डेन्मार्कमध्ये अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्याला सरकारी भत्ता मिळतो आणि घराबाहेर राहणाऱ्याला तो जास्त असतो. जर्मनीत पोराचं पहिलं शिक्षण पुरं होईपर्यंत खर्च देणं आई-वडिलांवर कायद्यानं बंधनकारक आहे, ऐपत नसेल तर विद्यार्थ्याला निम्मी मदत आणि निम्मं बिनव्याजी कर्ज सरकारकडून मिळतं. आणि म्हातारपणाचं? तिथं १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. आई-वडिलांच्या शुश्रूषेला तो पुरला नाही आणि बाकीचा भार सरकारला उचलावा लागला, तर त्याची वसुली मुलाकडून होते ती त्याचं वार्षिक उत्पन्न १ लाख युरोच्या वर असेल तरच. हा नियम २०२० पासूनचा. आपल्याकडं २००७ च्या कायद्यानं ज्येष्ठ आई-वडिलांचा सांभाळ सरळ मुलांवर टाकलाय आणि तक्रार प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात चालते. तुमचा सहकारी चोविशीत बॅग उचलून निघाला तेव्हा त्याच्या आई-वडिलांच्या म्हातारपणाचा बराचसा भार दुसऱ्या कुणीतरी उचललेला होता. तुमच्या घरात तो तुमच्या नावावर आहे. हे त्याला समजावत बसायची गरज नाही, पण त्याचं हसू अंगाला लावून घेताना तुम्हाला माहीत असावं.

आता आपल्याकडची गंमत. हाच मुलगा हिंजवडीत पीजीत राहिला असता, तर मावशीनं गडहिंग्लजहून फोन केला असता तो अभिनंदनाचा. २३० किलोमीटरवर राहिला की पोरगा 'नोकरीला गेला', आणि चार-पाच किलोमीटरवर कळंब्याला राहिला की 'वेगळा निघाला'. आपल्या भाषेत त्याच गावात वेगळं राहायला भांडणाशिवाय दुसरा शब्दच नाही. वेगळी चूल, वाटणी, घर फुटलं, सगळे शब्द एकाच दिशेला जातात. आई ताटावरून उठली ती वन बीएचके ऐकून नाही, तो शब्द ऐकून. म्हणून 'वेगळं' हा शब्द या सगळ्या प्रकरणातून हद्दपार करा. 'खोली घेतोय', 'वर्षभर एकट्यानं राहून बघतोय' असं म्हणा. निव्वळ शब्दांचा खेळ वाटेल, पण आईला शेजारणीला सांगायचं असतं ते शब्दांतच.

पण खोली घेण्याआधी तीन महिने थांबा, आणि हे तीन महिने मोजून वापरा. पत्रावरून आम्हाला असं दिसतं की तुम्हाला बोचतंय ते घर नाही, घरातली तुमची जागा. इस्त्री, सर्व्हिसिंग, न घेतलेले पैसे. तीच जागा घेऊन कळंब्याला गेलात तर दर रविवारी कपड्यांचं गाठोडं राजारामपुरीला येईल आणि होटेल ममाची शाखा तेवढी वाढेल.

पैशांपासून सुरुवात करा. बाहेर राहिलात तर भाडं ९ हजार, खाणं ६ हजार, वीज-इंटरनेट २ हजार, कामवाल्या मावशी आणि किरकोळ मिळून ३ हजार, म्हणजे साधारण २० हजार लागतील. हे २० हजार या महिन्यापासूनच पगारातून बाजूला काढा, जणू तुम्ही गेलाच आहात. त्यातले १० हजार घरात घाला, १० हजार वेगळ्या खात्यात. तीन महिन्यांत डिपॉझिटचे ३० हजार तयार होतील, आणि उरलेल्या ४८ हजारांत आपलं भागतं का तेही कळेल. बऱ्याच जणांचं इथंच अडतं, कारण घरी राहून सवय लागलेली असते ती पगार म्हणजे पॉकेटमनी समजायची.

वडील पैसे घेत नाहीत म्हणता. हातात नोटा दिल्या तर कुठलाच बाप घेणार नाही. त्यात त्याला आपलं रिटायर होणं दिसतं. त्यामुळं पैसे देऊ नका, बिलं उचला. पहिलं वीजबिल. महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून बिलाला तुमचा मोबाइल नंबर जोडा, म्हणजे बिलाचा मेसेज वडिलांऐवजी तुम्हाला येईल. ते अख्खं तुम्हीच भरावं हेही न्यायाचं आहे. घरगुती दर टप्प्यांचा असतो, १०० युनिटांच्या पुढं दर एकदम चढतो, आणि दुपारी दीड ते साडेदहा तुमचा कॉम्प्युटर, पंखा, दिवा चालतो त्यामुळं घरचं बिल वरच्या टप्प्यात जातं. तिघांत भागिले तीन करून हा हिशेब बरोबर येत नाही. मग गॅसचं बुकिंग आणि दूध. घरफाळा आणि पाणीपट्टी मात्र वडिलांकडंच राहू द्या. घर त्यांचं आहे ही गोष्ट त्या पावतीवर असते, ती त्यांच्या हातून काढू नका.

खरा मोठा खर्च दुसराच आहे, आई-वडिलांचा आरोग्य विमा. तो नसेल तर याच महिन्यात काढा. आधीपासून असलेल्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, म्हणजे जितका लवकर काढाल तितका त्या आजारांना लवकर कामाला येईल. फॉर्मवर बीपी, शुगर लपवू नका, एजंट 'कशाला लिहिताय' म्हणाला तरी. क्लेम नाकारला जातो तो नेमका तिथं.

ऑफिसातलं कुणी सांगेल की वडिलांना भाडं दाखव, एचआरएवरचा, म्हणजे घरभाडे भत्त्यावरचा, कर वाचेल. कायद्यात ते बसतं, पण जुनी करप्रणाली घेतली असेल तरच. शिवाय पैसे खरोखर खात्यातून जावे लागतात आणि वडिलांना ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवावं लागतं. तुमच्या पगाराला नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळं तसाही कर लागत नसणार. त्या भानगडीत पडूच नका.

आता कामं. इस्त्री उद्यापासून तुमची. आई म्हणेल 'राहू दे, मी करते', आणि दोनदा हातातून शर्ट काढूनही घेईल. वाद न घालता ती झोपल्यावर, कॉल संपल्यावर करा. आठवड्यातून एक स्वयंपाकही तुमचा हवा, रविवारचा मटणाचा नको, त्याला टाळ्या मिळतात. बुधवारची आमटी-भात-भाजी करा, जी कुणाच्या लक्षातही येत नाही. एकट्या माणसाला पाव वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी तांदूळ पुरतो. घरी तिघांचं करता करता हे माप हाताला बसेल. नवशिक्याचं बिघडतं ते मीठ-तिखटात नाही, मापात. मग चार दिवस तोच भात फोडणी घालून खाल्ला जातो, पाचव्या दिवशी बाहेरून पार्सल येतं, आणि खाण्याचे ६ हजार १२ वर जातात.

वडील रात्री 'कुठं चाललास' विचारतात का ते तुम्ही लिहिलं नाही, पण विचारत असणारच. त्यांना खरं तर दोनच गोष्टी हव्या असतात, जेवायला आहे का नाही, आणि दाराला आतून कडी घालायची का नाही. या दोन गोष्टी निघताना आपणहून सांगा, 'जेवून येणार, अकरा वाजतील, किल्ली आहे माझ्याकडं.' कुणाबरोबर, कशाला, हे प्रश्न महिन्याभरात निम्म्यावर येतात. न सांगता सटकलात तर तेच प्रश्न दुप्पट होऊन दारात उभे राहतात. कॉलचंही तेच. दार पुढं लोटलेलं असलं की आत मीटिंग, उघडं असलं की चहा चालेल, एवढी एकच खूण आईला सांगून ठेवा. कडी घालू नका, अजून नाही. जिथं कधीच कडी नव्हती त्या घरात कडीचा आवाज फार मोठा येतो.

वरच्या मजल्याचं जपून बोला. वडील प्रेमानं म्हणतायत, पण हा सगळ्यात महाग आणि सगळ्यात गुंतागुंतीचा पर्याय आहे. घर त्यांच्या नावावर, स्वकष्टाचं, असं धरून सांगतो : तुम्ही कर्ज काढून वर दहा-बारा लाख घातले तरी कागदोपत्री तो मजला त्यांचाच राहतो. कर्जाच्या व्याजाची वजावट मालकी असल्याशिवाय मिळत नाही. उद्या वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर आईचा, तुमचा आणि सांगलीच्या बहिणीचा हक्क सारखा, वरच्या मजल्यावरसुद्धा. 'मी बांधला' हे तेव्हा सांगावं लागतं आणि भाऊ-बहिणीत तिथंच फाटतं. कुणीतरी सुचवेल की महाराष्ट्रात राहतं घर मुलाच्या नावे बक्षीसपत्र करायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, करून टाका. वडिलांनी ते आत्ता करू नये, आणि तुम्हीच त्यांना तसं सांगावं. कधी केलंच तर 'आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर' हे वाक्य त्यात हवंच. २००७ च्या त्याच सांभाळाच्या कायद्याच्या कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करून घ्यायची वेळ आली, तर त्या अटीवर बरंच काही अवलंबून असतं. शिवाय वरचा मजला म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हे. जिना एक, गेट एक, आणि गाडी लावल्याचा आवाज खाली ऐकू येणार. लग्न ठरल्यावर, बहिणीला समोर बसवून तो विषय काढा. त्याआधी वाळूचा ट्रक दारात नको.

तीन महिन्यांनी दोन गोष्टी होऊ शकतात. बोचणी गेली असेल तर राहा, आणि कॉलवर कुणी हसलं तर चहा खुशाल घ्या. पण अजूनही एकट्यानं राहून बघायची ओढ असेल, तर जा. आमचं मत विचाराल तर एक वर्ष जाच. लग्नानंतर ही संधी येत नाही, आणि स्वतःच्या घरात पाणी कधी येतं, कचरा कधी जातो, हे न कळलेला माणूस दुसऱ्याबरोबर संसार मांडतो तेव्हा ते सगळं बायकोच्या अंगावर पडतं.

फ्लॅट ठरवताना भाड्याआधी इंटरनेट बघा. तुमचं काम घरून आहे, त्या इमारतीत फायबर आलंय का हे शेजारच्या फ्लॅटमध्ये विचारा, दलालाला नको. मग पाणी : मे महिन्यात टँकर लागतो का, आणि त्याचे पैसे कोण भरतं. करार ११ महिन्यांचा करतात, पण नोंदणी त्यालाही सक्तीची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, अधिक डिपॉझिटवर धरलेल्या व्याजाचा थोडा भाग. तुमच्या आकड्यांना ते अडीचशे-तीनशे रुपयांत बसतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १ हजार, ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. कळंबा-पाचगावकडं हद्द कुठली ते विचारून घ्या, दलाल सगळीकडं हजारच सांगतो. करारात दोन ओळी वाचल्याशिवाय सही नको. एक, किती महिने सोडता येणार नाही; तीनपेक्षा जास्त मान्य करू नका. दुसरी, जाताना रंगकामाचे किती कापणार. किल्ली घेतल्या दिवशी मीटरचं रीडिंग, भिंतींची ओल आणि नळ यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. गॅसला नवं कनेक्शन काढत बसू नका, पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो आणि एकट्याला भागतो.

घरात सांगायचं ते दोघांना एकत्र. आईला आधी आणि वडिलांना मग असं केलंत, तर मधल्या वेळात मावशीला कळतं. जेवताना नको. तुमच्याकडं एक खरंखुरं कारणही आहे, तेच पुढं करा : काम रात्री साडेदहापर्यंत चालतं, बोलण्याचा आवाज होतो, वडिलांची झोप मोडते. "आई, मी वेगळा निघत नाही. कामाच्या वेळा अशा हायत, वर्षभर खोली घेऊन एकटा राहून बघतो. रविवारी आणि गुरुवारी जेवायला हितंच." बाकीचं आई सांभाळेल, कारण आता गल्लीत सांगायला तिच्याकडं वाक्य आहे. वीजबिल, दूध आणि विम्याचा हप्ता तुम्ही बाहेर पडल्यावरही तुमच्याकडूनच जायला हवा. भाडं सुरू झालं म्हणून तो थांबला, तर मावशीचाच शब्द खरा ठरेल. सांगितलेले दोन वार मोडू नका. पहिल्या महिन्यात एक गुरुवार चुकला तर आई सहा महिने तो मोजते.

जपानी लोकांत मुलांनी किती लांब राहावं याचं एक माप आहे, सूप निवणार नाही एवढं अंतर. सिंगापूर सरकार आई-वडिलांसोबत किंवा ४ किलोमीटरच्या आत घर घेणाऱ्याला अनुदान देतं, म्हणजे त्यांनी ते सूप नकाशावरच मोजलंय. कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्यावर मोजावं. घट्ट झाकणाच्या डब्यात, गाडीला अडकवलेल्या पिशवीतून, संध्याकाळच्या गर्दीत कळंब्यापर्यंत तो गरम पोचतो. त्याच्या पुढं गेलात की नारळाचं दूध वर थराला येतं आणि परत गरम करताना फाटायची भीती.

खोलीची एक किल्ली आईकडं द्या, फोन करून येण्याच्या बोलीवर. कपड्यांचं गाठोडं घेऊन जाऊ नका, पण डबा देईल तो घ्या. तो रिकामा परत पाठवायचा नसतो हे तुम्हाला माहीत आहेच. पहिल्या वेळी चिमूटभर साखर चालेल, तिसऱ्या वेळी तुमच्या हातची आमटी असू दे.